गाडीतला संसार, पैनगंगेच्या काठानं

पहाटे ४.३०, भोकर

सगळ्यांत आधी पाण्याचा कॅन चढतो. वीस लिटरचा, घरच्या फिल्टरचा, खाली तोटी बसवलेला. किनवट भागातल्या काही गावांत भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय, म्हणून प्यायचं पाणी आम्ही भोकरहूनच नेतो. कॅनमागून फळ्या. आमच्या ईको व्हॅनच्या मागच्या भागात बसतील अशा दोन फळ्या गल्लीतल्या सुताराकडून करून घेतल्या आहेत, खाली दुमडायचे पाय लावून. दिवसा त्या एकीवर एक आडव्या पडून असतात, रात्री जोडल्या की दोघींना पुरेल एवढा पलंग होतो. गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करायचा तर आरटीओची मंजुरी आणि नोंद लागते. त्यापेक्षा काढता-घालता येणारं सामान बरं. फळ्यांखाली डबे, छोटा गॅस, बादली, ताडपत्री, दोरी, दोन चादरी आणि एक जाड वाकळ.

लेक सातवीत आहे. तिची कामं ठरलेली आहेत. चाकांतली हवा बघायची, किलोमीटरचा आकडा वहीत उतरवायचा, आणि गाडी जिथं थांबेल तिथं उतरल्याबरोबर तारीख-वेळ टाकून तीन ओळी लिहायच्या. ‘छान वाटलं’ असं लिहायचं नाही, एवढा एकच नियम. जे दिसलं ते लिहायचं.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची, स्वयंपाकाची, न्हाणीची सोय असलेल्या गाड्या आता मोठ्या शहरांत भाड्यानं मिळतात. भोकरच्या रस्त्यावर असली गाडी मी अजून पाहिलेली नाही. पण घर बरोबर घेऊन निघायची रीत आमच्याकडं जुनीच आहे. माझी आजी माहूरला दमणीतून जायची. वर तट्ट्याचं छप्पर, खाली कडबा, त्यावर गोधड्या, मागं पिठाचं गाठोडं आणि कासऱ्याला बांधलेली तांब्याची घागर. मुक्काम पडला की तीन दगडांची चूल, आणि रात्री बायका-लेकरं दमणीत, गडीमाणसं जुवाखाली. बैलांना पाणी आणि सावली जिथं मिळेल तिथं थांबायचं, म्हणून वाटेतली प्रत्येक नदी, प्रत्येक बारव तिला नावानिशी ठाऊक होती. आम्ही पुढं त्याच रस्त्यानं एसटीनं आणि नंतर जीपनं गेलो, आणि ‘माहूरला जाऊन आलो’ एवढंच सांगण्यासारखं उरलं. वाट कळलीच नाही. ती लेकीला कळावी म्हणून ही गाडी अशी भरते.

सकाळी ५.४०

निघालो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं, १७ सप्टेंबरचं झेंडावंदन झालं त्याच आठवड्यातला हा शनिवार. एक किरकोळ रजा टाकली, उद्या रविवार आहेच. नवरात्राच्या आधी जायचं असं ठरवून हे दिवस निवडले. माहूरला अजून गर्दी नसते आणि पैनगंगेला पाणी असतं.

भोकर सोडलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन. खालची पानं पिवळी पडायला लागलेली, शेंगा भरलेल्या. मधूनमधून कपाशी, तिला पात्या-फुलं आणि खाली हिरवी बोंडं. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे याच वाटेनं जाते, तेव्हा मधेच रूळ दिसतात आणि मधेच हरवतात. लेकीनं वहीत लिहिलं: ‘सोयाबीन पिवळं, कापूस हिरवा, आभाळ राखाडी, रूळ डावीकडे.’ नियम पाळलेला आहे.

सकाळी ६.३०, हिमायतनगर

गावातली जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. इथलं परमेश्वराचं देऊळ मोठं, महाशिवरात्रीला यात्रा भरते. आज दर्शन बाहेरूनच, कारण धबधब्यावर लवकर पोचायचं आहे.

चहाच्या गाड्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “बाई, कुठं निघालाव एवढ्या सकाळी? दोघीच?”

“सहस्रकुंडला, बाबा. तिथून माहूरला.”

“इसापूरचं पाणी सोडलंय म्हणलालेत. खाली खडकावर उतरू नका लेकराला घेऊन.”

हे ऐकायलाच इथं थांबायचं असतं. वर इसापूरला पैनगंगेवर ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं धरण आहे. सप्टेंबरात ते भरत आलं की दारं उघडतात आणि खालच्या सहस्रकुंड धबधब्याचं रूप काही तासांत पालटतं. पाऊस डोक्यावर पडत नसला तरी नदी चढू शकते, ही गोष्ट पुण्या-मुंबईहून आलेल्या पोरांना माहीत नसते. चहाच्या गाड्यावरच्या बाबांना असते.

सकाळी ७.२०, सहस्रकुंड

आवाज आधी येतो. इस्लापूरकडून आत वळलं, काचा खाली केल्या की तो अंगावर यायला लागतो. गाडी वर, पाण्यापासून लांब लावली. चाकाला दगड लावायचं काम लेकीचं.

सहस्रकुंडला मी लहानपणापासून येत आलेली आहे, पण प्रत्येक वेळी अर्धा तास. उतरा, फोटो, मक्याचं कणीस, चला. पाणी असं अर्ध्या तासात दिसत नाही. डोळा आधी नुसता पांढरा फेस बघतो. दहा-पंधरा मिनिटांनी कळायला लागतं की हा एक धबधबा नाही. काळ्या खडकाच्या माथ्यावर नदी पसरते, तिच्या वाटा फुटतात, आणि प्रत्येक वाट आपापल्या घळीतून वेगळ्या जागी खाली पडते. काही ठिकाणी सरळ उडी, काही ठिकाणी पायऱ्यापायऱ्यांनी. पाणी वाढलं की या वाटा एकमेकींत मिसळून सगळं एकच होतं. आज मधली स्थिती होती. आम्ही कठड्यापाशी बसलो आणि लेकीनं वाटा मोजायला सुरुवात केली. मधेच पाण्याचा एक लोट आला आणि दोन वाटांची एक झाली. तिनं आकडा खोडला, बाजूला वेळ लिहिली.

तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात अग्निजन्य खडकावर एक ओळ आहे. इथं तो खडक पायाखाली आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, त्यातून दख्खनचं पठार झालं. वाटेच्या कडेला पडलेला मुठीएवढा दगड तिला दिला. एका बाजूनं गुळगुळीत, दुसरीकडं बारीक बारीक भोकं, मसुराच्या डाळीएवढी, काहींत पांढरा खडा भरलेला. लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर यायला बघतो आणि तिथंच अडकतो, त्याच या जागा. पांढरं आहे ते नंतर झिरपलेल्या पाण्यानं आणून भरलं. तिनं दगड नाकाशी नेऊन पाहिला, मग एका भोकात नख घातलं. “म्हणजे हा त्या वेळचा बुडबुडा?” होय, त्याच वेळचा. डायनासोर संपत आले त्या काळातला. तिनं तो दगड परत होता तिथं, होता तसाच ठेवला, भोकांची बाजू वर करून.

थर एकसारखे कठीण नसतात. मऊ थर झिजतो, कठीण थर पुढं काढलेल्या ओट्यासारखा उरतो, म्हणून नदीला उडी मारावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीनं रांजणखळगे कोरलेत ते याच जातीच्या खडकात. पाण्यात सापडलेला गोटा एकाच जागी गरगर फिरत राहतो आणि खडकाला भोवरी पाडतो. इथं ते बघायला उन्हाळ्यात यायला पाहिजे, पाणी आटल्यावर. वहीत तसं लिहून ठेवलं: ‘मे महिन्यात पुन्हा.’

सकाळी ८.४५

नाश्ता गाडीपाशी. सुशीला. मुरमुरे भिजवून पिळले, फोडणीत कांदा, मिरची, शेंगदाणे, वरून फुटाण्याच्या डाळीची पूड आणि लिंबू. लातूर-नांदेडच्या माणसाला सुशीला म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गॅसच्या ज्योतीला वारा लागू नये म्हणून लेक ताडपत्री धरून उभी राहिली. पाण्याच्या तुषारांनी मुरमुरे भिजवायच्या आधीच ओलसर झाले होते.

खाताना समोरचा काठ दाखवला. पलीकडं यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका. आज तिकडंही लोक धबधबा बघायला येतात, हात केला तर हात करतात. पण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत या पाण्याच्या मधून एक सरहद्द जात होती. आम्ही बसलो होतो तो काठ निजामाचा. पलीकडचं वऱ्हाड १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या कारभारात गेलेलं, आणि १५ ऑगस्ट १९४७ ला ते स्वतंत्र हिंदुस्थानात होतं. इकडं मात्र आणखी तेरा महिने निजाम आणि त्याच्या बाजूचे सशस्त्र रझाकार. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी संस्थानच्या सीमेलगत बाहेरच्या बाजूनं कॅम्प उभारले होते, त्यांतला एक उमरखेडला. माणसं पैनगंगा ओलांडून तिकडं जात, आणि तिकडून परत इकडं येऊन ठाणी, नाकी, तारा यांच्यावर हल्ले करीत. आमच्या भोकरशेजारच्या उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्यासाठी वापरला गेला, तोही याच काळात, १९४८ च्या जानेवारीत.

“नदी कुठून ओलांडायचे? इथून?”

इथून नाही, इथून कोण ओलांडेल. उताराच्या जागा गावकऱ्यांना माहीत असणार. पण तिचा प्रश्न योग्य होता. मुक्तिसंग्रामाचं भाषण ती दर वर्षी शाळेत ऐकते, त्यात तारखा असतात आणि नावं असतात. पाणी किती खोल होतं, रात्री कसं ओलांडलं, ओल्या कपड्यांनी पुढं किती चालले, हे भाषणात नसतं. मी स्वतः शिक्षिका म्हणून सतरा सप्टेंबरला पोरांपुढं तेच भाषण करते, आणि आता पुढच्या वर्षी त्यात ही नदी आणायची असं मनात पक्कं केलं.

सकाळी १०.१०

पंचमुखी महादेवाचं दर्शन घेऊन निघालो. जाताना पर्यटकांची पहिली जीप आली, पोरं उतरल्याबरोबर खडकाकडं धावली. लेकीनं त्यांच्यातल्या एका मोठ्या माणसाला जाऊन सांगितलं, “काका, इसापूरचं पाणी सोडलंय.” त्या माणसानं पोरांना हाका मारून मागं घेतलं.

सकाळी ११.३०, किनवट

पेट्रोल, हवा, कोथिंबीर, दोन लिंबं. किनवट नदीवरच आहे, तेव्हा पैनगंगा पुन्हा भेटली. बाजारात मराठीबरोबर तेलुगू ऐकू येते, बंजाऱ्यांची गोरमाटी ऐकू येते, आणि आतल्या गावांतून आलेल्या माणसांची गोंडी, कोलामी. तेलंगणाची हद्द जवळ आहे. लेकीला यातली कोणती भाषा कोणती ते ओळखू येत नव्हतं, म्हणून भाजीवालीलाच विचारून घेतलं. तिनं लिंबाला या भाषांत काय म्हणतात ते सांगितलं आणि दोन लिंबांवर एक फुकट दिलं.

दुपारी १२.४५, सागाखाली

किनवट-माहूर रस्त्याला सागाचं जंगल. या दिवसांत साग फुलोऱ्यावर असतो, प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर पांढुरका तुरा. गाडी रस्ता सोडून सपाट जागी लावली आणि डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. धपाटा दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, म्हणून प्रवासाला तोच. हात धुवायचं पाणी बादलीत धरून झाडाला.

पैनगंगेचं अभयारण्य नदीच्या काठानं यवतमाळ आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत आहे. आम्ही आत जाणार नव्हतो. पण जंगल बघायला आतच गेलं पाहिजे असं नाही. जेवल्यावर अर्धा तास दोघी फळीवर आडव्या झालो, मागचं दार वर उघडून. सागाचं वाळकं पान पडताना केवढा आवाज होतो हे झोपून ऐकल्याशिवाय कळत नाही. लेकीनं एक पान उचलून हातावर चोळलं, हात तांबडा झाला. कोवळं पान चोळलं तर आणखी लाल होतं. तिनं तेही करून पाहिलं.

दुपारी २.३०, माहूर, पांडवलेणी

माहूरला येणारी माणसं देवीला येतात आणि लेणी तशीच राहून जातात. मीही कितीतरी वेळा तशीच परत गेलेली आहे. गावाला लागून, टेकडीच्या पोटात कोरलेली ही लेणी राष्ट्रकूट काळातली मानतात. पांडवांचं नाव लोकांनी दिलं. आपल्याकडं माणसाच्या हातून झालं असेल यावर विश्वास बसू नये असं काही दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं.

बाहेर उन्हाचा चटका होता, आत पाऊल टाकलं की गारवा आणि वटवाघळांचा वास. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. मग खांब दिसायला लागतात, जाड, चौकोनी, ओळीनं. पुढं गाभारा. दाराशी माणसापेक्षा मोठे द्वारपाल. मी लेकीला विचारलं, “हे खांब कुठून आणले असतील?” तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, खांबाच्या बुडाशी बोट फिरवून सांधा शोधला. सांधा नव्हता. वर छताशीही नव्हता. थोडा वेळ ती गप्प उभी होती, मग म्हणाली, “आणलेच नाहीत. बाकीचं काढून टाकलं.”

तेच सांगायला मी तिला इथं आणलं होतं, आणि सांगावं लागलं नाही. देऊळ बांधणारा दगडावर दगड ठेवतो, चुकला तर काढून दुसरा बसवतो. लेणं खोदणाऱ्याला एकदा निघालेला टवका परत लावता येत नाही. खांब कुठं येणार, मूर्ती कुठं येणार हे सगळं पहिला घाव घालायच्या आधी डोक्यात पाहिजे. याच राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात वेरूळचं कैलास खोदलं गेलं, डोंगराच्या माथ्यापासून खाली. हे राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, म्हणजे लातूरचं नाव बिरुदात मिरवत. आणि त्यांच्यातल्या तिसऱ्या कृष्णाच्या काळात कंधार वैभवाला चढलं. म्हणजे हे घराणं आमच्याच मुलखाशी नातं सांगणारं. मराठवाडा मागास आहे हे वाक्य आमच्या पोरांच्या कानावर जन्मापासून पडतं. त्यांनी एकदा या खांबाला हात लावून बघावा.

भिंतीवर टाचणीनं, खिळ्यानं खरडलेली नावं आहेत. बदाम आहेत. बाराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटानं आपलं नाव कुठंच टाकलेलं दिसत नाही. लेकीनं एका खांबाची रुंदी विती लावून मोजली, पुन्हा मोजली, आणि त्यावरच्या छिन्नीच्या रेघा वहीत काढल्या. रेघा तिरक्या आहेत, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. ज्यानं हा भाग खोदला तो कोणत्या बाजूनं उभा होता हे त्यावरून सांगता येईल का, असं ती विचारत होती. मला वाटतं येईल. आम्ही दोघींनी हातात छिन्नी धरल्यासारखं करून दोन्ही बाजूंनी उभं राहून पाहिलं.

खडक तोच, सकाळचा. हेही तिनंच ओळखलं. भोकं दाखवली.

दुपारी ४.१५, रामगड

माहूरच्या किल्ल्याला रामगड म्हणतात. तटाच्या आत रान माजलेलं, पायवाट गवतात बुडालेली. काठी आपटत चालायचं, ती आम्ही गाडीतूनच आणली होती. बहमनी काळात महमूद गवाननं वऱ्हाडचा सुभा तोडून दोन केले, गाविल आणि माहूर. म्हणजे आज जिथं दुपारी एक गुराखी आणि आम्ही दोघी एवढेच होतो, तिथून एकेकाळी अर्ध्या वऱ्हाडचा कारभार चालला.

तटावर बसून लेकीला रायबागनची गोष्ट सांगितली. तिला पुस्तकात शिवाजी महाराज आहेत, उंबरखिंडही असेल. पण त्या लढाईत शत्रूच्या फौजेत आमच्या माहूरची एक बाई होती हे नाही. तिचं नाव सावित्रीबाई, माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली सून. घरातले कर्ते पुरुष गेल्यावर जहागीर तिनं सांभाळली, मोगलांकडून स्वतः लढाईत उतरली, आणि औरंगजेबानं तिला रायबागन हा किताब दिला. २ फेब्रुवारी १६६१ ला करतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरत होता, रायबागन त्याच्याबरोबर होती. उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत महाराजांनी फौज दोन्ही बाजूंनी कोंडली. पाणी नाही, मागं फिरायला जागा नाही. खानाला त्याची चूक तोंडावर सांगून शरण जायचा सल्ला रायबागननं दिला, असं शिवभारतात आलेलं आहे. खानानं तो मानला. महाराजांनी शस्त्रं आणि सामान ठेवून घेतलं आणि त्यांना जाऊ दिलं.

लेक बराच वेळ विचार करत होती. “ती आपली होती की त्यांची?”

मी तिला तयार उत्तर दिलं नाही. जहागीर मोगलांची होती, माणसं तिच्या भरवशावर होती, आणि कोंडी झाल्यावर माणसं वाचवायचा शहाणपणा तिनं दाखवला. सातवीतल्या मुलीनं एवढं डोक्यात घेऊन तटावरून खाली बघावं, माझ्या मते तेवढं पुरे. इतिहास शिकवताना आम्ही बाजू फार लवकर वाटून देतो.

तटावरून सगळं दिसतं. रेणुकेचा डोंगर, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, सगळीकडं हिरवं, आणि खाली पैनगंगेनं घातलेला वळसा. सकाळी जे पाणी आपण सहस्रकुंडला पडताना पाहिलं ते इथूनच पुढं जातं, वर्धेला मिळतं, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि ती तेलंगणात गोदावरीला. आणि ती गोदावरी आधीच नांदेडवरून गेलेली. लेकीनं वहीत नकाशा काढला, त्यात भोकर दोन नद्यांच्या मधे आलं. तिला ते फार आवडलं.

संध्याकाळी ६.३०, रेणुका

पायऱ्या चढायच्या आधी तांबूल घेतला. माहूरला रेणुकेला नैवेद्य तांबुलाचा. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप, गुलकंद सगळं कुटून केलेला गोळा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खलबत्त्यांचा ठेका सतत चाललेला असतो. वर देवीचं मुख आहे, पूर्ण मूर्ती नाही. शेंदराचं, मोठं, मळवट भरलेलं, डोळे थेट समोर. साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ.

कथा अशी की जमदग्नींचा वध झाला तेव्हा परशुरामानं कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह घेतला, दुसऱ्यात आईला बसवलं, आणि अंत्यसंस्कारासाठी कोरी भूमी शोधत तो माहूरपर्यंत आला. दत्तात्रेयांनी विधी सांगितले, मातृतीर्थाचं पाणी इथंच. परतीच्या पायऱ्यांवर लेक म्हणाली की परशुराम पण घर घेऊनच निघाला होता. मी हसले, पण ती गंभीर होती.

रात्री ८.००

मुक्कामाची जागा हे या दिवसातलं सगळ्यांत जबाबदारीचं काम. दोघी बायकाच आहोत, तेव्हा जंगलात, नदीकाठी, निर्जन नाक्यावर गाडी लावायची नाही. गाडीत झोपायचं, पण माणसांच्या वस्तीत. भक्तनिवासाच्या आवारात दिव्याखाली जागा मिळाली. न्हाणी-संडासाची सोय तिथली, पैसे रीतसर भरले, पावती वहीत चिकटवली. शेजारी हिंगोलीकडचं एक कुटुंब टेम्पोत उतरलेलं. त्यांच्या आजींनी आमच्या फळ्या बघितल्या, हातानं दाबून पाहिल्या आणि विचारलं, “मधी फट ऱ्हात नाही का गं माय?” राहते. तिथं वाकळेची घडी येते. सरकारनं कॅराव्हॅनचं धोरण केलं ते चांगलंच झालं, पण या आजींसारखी माणसं टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पिढ्यान्‌पिढ्या निघतायत. देवस्थानच्या प्रत्येक गावी त्यांच्यासाठी एक उजेडाचं पटांगण, नळ आणि बायकांसाठी स्वच्छ संडास एवढं झालं तरी मोठं काम होईल.

जेवण पिठलं-भाकरीचं. भाकरी आजींनी दिल्या, पिठलं आमचं.

रात्री ९.३०

पेट्रोलचा हिशोब, उद्याचं पाणी, मोबाइलचं चार्जिंग. फळ्या जोडल्या, खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड लावलं, एक काच दोन बोटं खाली ठेवली.

लेक वही पुरी करत बसली होती. उद्या उनकेश्वर. तिथं नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत, गंधकाचे झरे म्हणून प्रसिद्ध, आणि शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून ते पाणी काढलं अशी कथा. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक मी सही करून आणलाय. खाली ज्वालामुखी आहे का, हे तिला विचारायचं होतं. नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, खालच्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. किनवटच्या त्या पट्ट्यात आपला काळा खडक संपत येतो आणि त्याच्याखालचा कितीतरी जुना चुनखडक उघडा पडायला लागतो, तेव्हा उद्या दगडही वेगळा बघायला मिळेल. तिनं पानाच्या वरच्या भागात तीन रकाने आखले: वेळ, हवेचं तापमान, कुंडातल्या पाण्याचं तापमान. आंघोळीला माणसं उतरायच्या आधी पहिली नोंद झाली पाहिजे असं तिचं म्हणणं, म्हणून माहूर पाचलाच सोडायचं ठरलं.